लिलाववाल्या आबांचा हळू आवाज

आबा आमच्या वर्गात पहिल्यांदा आले ते "नमस्कार बाई" म्हणत. एवढंच बोलले. पण त्या दोन शब्दांनी शेजारच्या खोलीतला इंग्रजी संभाषणाचा वर्ग बंद पडला आणि खालून शिपाई काय झालं ते बघायला धावत वर आला. माझा हात पेटीवर होता, तो दचकून चारपाच पट्ट्यांवर एकदम आपटला. आबा दारात हसत उभे होते. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. आपण काही वावगं केलंय असं त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या मते ते दबकतच बोलले होते.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. जळगावच्या आमच्या कॉलेजात निरंतर शिक्षण केंद्र नावाचा प्रकार नुकताच सुरू झाला होता. चारच्या सुमाराला खोल्या रिकाम्या झाल्या की निवृत्त मंडळींचे वर्ग भरत. कोणी इंग्रजी बोलायला शिके, कोणी लोणची-मुरंबे घालायला, कोणी रेडिओ उघडून बसे. मी तेव्हा संगीतात एम.ए. होऊन ताजी ताजी लागलेली, म्हणून गाण्याचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. माझे सगळे विद्यार्थी माझ्या वडिलांच्या वयाचे. पेन्शनीत निघालेल्या माणसाला घरी बसून काय करावं ते सुचत नाही आणि घरातल्यांना त्या माणसाचं काय करावं ते सुचत नाही. आम्ही दोन्ही पक्षांची सोय बघत होतो.

आबांना मात्र पेन्शन वगैरे काही नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी भाजी बाजारात लिलाव पुकारला होता. पहाटे बैलगाड्या आणि टेम्पो येऊन लागले, भरताच्या वांग्यांचे, मिरचीचे ढीग पडले की आबा एखाद्या पोत्यावर चढत आणि भाव पुकारायला लागत. समोर व्यापाऱ्यांचा गलका, मागे हॉर्न, मध्येच कोणाची तरी बाचाबाची, आणि या सगळ्याच्या वर आबांचा आवाज. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी पोत्यावर चढणं सोडलं आणि ते घरी बसले. आवाज मात्र बाजारात ठेवून यायचा राहिला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे प्रत्येक गोष्ट तीनदा बोलायची. लिलाव तीन पुकाऱ्यांशिवाय तुटत नाही, म्हणजे शेवटचा भाव ठरत नाही, म्हणून त्यांच्या लेखी कुठलीच गोष्ट तीनदा म्हटल्याशिवाय पक्की होत नसे. "येतो बाई. येतो बाई. येतो बाई!" असं म्हणून ते जायला निघत आणि तिसऱ्या वेळेला हमखास बाकावर हात आपटत. आमच्या वर्गात एक निवृत्त हेडमास्तर होते. आयुष्यभर पोरांना गप्प बसवलेला माणूस तो, पण आबांपुढे त्यांनी हात टेकले. "ह्यांना मागच्या बाकावर बसवा," ते मला म्हणाले, "म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाकावर नव्हे, मेहरूण तलावाच्या पलीकडे."

गाण्याची हौस असेल म्हणून आले असतील, असं मी धरून चालले होते. आठवडाभरानं वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. इकडेतिकडे बघून घेतलं, टोपी काढली आणि त्यांना जमेल तेवढ्या खालच्या आवाजात, म्हणजे फक्त आमच्याच मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "माले गानं नको, बाई. माले हळू बोलाले शिकाडा."

मग सगळं बाहेर आलं. त्यांची बायको, अक्का, लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला गेली होती. बाळंतपण पार पडलं, बारसं झालं, नातू रांगायला लागला, तरी अक्का परत यायचं नाव काढत नव्हती. भांडण नव्हतं की रुसवा नव्हता. लग्न झाल्यापासून आबा पहाटे जायचे आणि दुपारी येऊन झोपायचे, त्यामुळे त्यांचा आवाज घरात असा कधी राहायला आलाच नव्हता. आता तो चोवीस तास घरात. चहा हवा, आवाज. चष्मा सापडेना, आवाज. अक्काचं डोकं उठायचं. दर रविवारी आबा एस.टी.नं धुळ्याला जात, तिला आणायला म्हणून, आणि दर रविवारी एकटेच परत येत. अक्कानं निक्षून सांगितलं होतं, "नातू रडस, पन दूध पाजं की गप बसस. तुम्ही बसतस का? तुमना आवाज कमी व्हई तवय मी येसू."

हे सांगताना आबा हसत होते, पण टोपी हातात चुरगाळत होते. "घर खावाले उठस, बाई," ते म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती आजतागायत कमी झालेली नाही.

शिकवायला बसले तेव्हा कळलं, काम सोपं नव्हतं. स्वर त्यांचा बरा लागे, पण हळू म्हणजे काय हे त्यांच्या गळ्याला ठाऊकच नव्हतं. भूपाची सरगम म्हणताना बाकीचे जिथे श्वास घ्यायला थांबत तिथे आबांच्या तोंडून "बोला!" निघून जाई. थांबायचं म्हटलं की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. मी रागावले की ते मनापासून समजावत, "बाजारमा गप बसनं म्हंजे भाव पडना, बाई. मी गप बसनू की शेतकरी बुडना." त्यात खोटं काही नव्हतं. या माणसानं शांतता कधी पसरू दिलीच नव्हती, कारण त्यात दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान होतं. आता त्याला म्हातारपणी सांगायचं, की शांततेनं कोणी बुडत नाही.

आमच्या खोलीच्या झडपेवर कबुतरांचं एक जोडपं मुक्कामाला होतं. आबांनी "सा" लावला की ते फडफडत बाहेर जाई. एक दिवस मी सांगून टाकलं, "आबा, कबुतरं न उडता पूर्ण सरगम म्हणून दाखवा. उडाली की तुम्ही नापास." झालं, सगळा वर्ग कामाला लागला. आबा गात आणि बाकीचे माना वर करून बसत. हेडमास्तर तर आपली सरगम विसरून कबुतरांची हजेरी घ्यायला लागले. पावसाळा असाच गेला. आबा घरीही सराव करत. त्यांची शेजारीण मला बाजारात भेटली तेव्हा काळजीनं विचारत होती, "आबांची तब्येत बरी आहे ना? हल्ली पुटपुटतात."

दसऱ्याच्या आसपास कधीतरी ते घडलं. आबांनी डोळे मिटले, सरगम सुरू केली, वरच्या "सा"ला जाऊन परत खाली उतरले आणि दोन्ही कबुतरं जागची हलली नाहीत. आबांनी डोळे उघडले, वर बघितलं आणि आनंदाच्या भरात बाकावर हात मारून ओरडले, "उडनं नही! उडनं नही! उडनं नही!" त्याबरोबर कबुतरं जी गेली ती दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाहीत. पण आम्ही त्यांना पास केलं.

डिसेंबरात गाण्याची पहिली परीक्षा होती. केंद्रातली मंडळी हौसेनं शिकत, परीक्षेला कोणी बसत नसे. त्या साली जळगावला परीक्षा केंद्र नव्हतं, परीक्षा धुळ्याला होती. हे कळल्याबरोबर आबा उठून उभे राहिले. "धुळाले शे ना? मंग मना नाव टाका." नाव टाका हे अर्थात तीनदा सांगितलं. अक्काला निरोप गेला, की अमुक दिवशी अमुक शाळेत मी परीक्षा देणार आहे, ऐकायला ये. मी सोबत गेले. एरंडोल, पारोळा करत गाडी चालली होती आणि आबा खिडकीकडे तोंड करून आतल्या आत सरगम घोकत होते. एरवी अख्ख्या गाडीशी गप्पा मारणारा हा माणूस त्या दिवशी कंडक्टरशीही बोलला नाही.

शाळेच्या व्हरांड्यात रिबिनी बांधलेल्या मुलींची रांग होती आणि त्या रांगेत धोतर-टोपीतले आबा. पुढची मुलगी त्यांना विचारत होती, "आजोबा, तुमची नात कोणती?" आबांनी नुसतीच मान हलवली. इतक्यात अक्का आली. ठेंगणी, करारी बाई, कडेवर नातू. तिनं आबांकडे एकदा बघितलं आणि लांबच्या पायरीवर जाऊन बसली. लांब बसली, कारण तिला अंदाज होता.

आबांचा नंबर लागला, दार लोटलं गेलं. मी दाराशी उभी राहिले. आतून सरगम ऐकू यायला लागली, बारीक, थरथरती, पण सुरात. थोड्या वेळानं परीक्षकांचा आवाज आला, "जरा मोठ्यानं म्हणा." मला वाटलं, आता हा माणूस सुटणार! पण आबांनी आवाज चढवला नाही. परीक्षक पुन्हा म्हणाले, "ऐकू येत नाही हो, मोठ्यानं." आबा तसंच गात राहिले. गुण जाताहेत हे त्यांना कळत होतं. पण त्यांची परीक्षा पायरीवर बसली होती.

अक्का उठून माझ्याजवळ आली. "आतमा कोन गाई ऱ्हायनं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आबा." तिचा विश्वास बसेना. दाराच्या फटीला डोळा लावून तिनं खात्री करून घेतली आणि मग पदर तोंडाला लावला. हसते आहे की रडते आहे हे मला कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

आणि तेवढ्यात आबा बाहेर आले. मला बघितलं आणि इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. "बाई! माले सांगतस, मोठ्यानं म्हना! माले! मोठ्यानं म्हना!" सगळी शाळा हादरली. रांगेतल्या पोरींनी कानांवर हात ठेवले, कडेवरच्या नातवानं भोकाड पसरलं. झालं, सगळ्या पावसाळ्याची मेहनत वाया गेली, असं मला वाटलं. आबांच्याही लक्षात आलं. ते खाली मान घालून उभे राहिले.

अक्कानं नातवाला थोपटलं. मग आबांना म्हणाली, "थांबा. मी पिशवी भरीसन येस."

परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती. आबा पुढच्या बाकावर, सगळ्या गाडीला परीक्षेची हकिगत ऐकवत होते. मी दबकत विचारलं, "अक्का, आवाज तर तसाच आहे की." ती बाहेर बघत म्हणाली, "आवाज तसाच ऱ्हाई. पन ह्या वयमा पोरीस्ना रांगमा उभा ऱ्हायनात, ते कोनासाठे?"

आबा काठावर पास झाले. निकालावर परीक्षकांनी शेरा मारला होता, 'आवाज क्षीण'. आबा तो कागद घेऊन सगळा भाजी बाजार हिंडले आणि दिसेल त्याला वाचून दाखवला. असा विनोद तिथे कोणी ऐकला नव्हता. नंतरही ते वर्गाला येत राहिले, आता अक्काच्या परवानगीनं, आणि घरी खरोखरच बरेच हळू बोलायला लागले असं शेजारीण सांगे. पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले, आणि केंद्र, पेटी, कबुतरं सगळं मागे राहिलं.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी जळगावला गेले होते. आबांना भेटल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा सोडली आणि आवाज कानावर आला. तोच, बाजारातला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी घर विचारणार होते, पण मी विचारायच्या आधीच त्यानं आवाजाच्या दिशेनं बोट केलं. मला हसू आलं आणि थोडी चिडलेही. एवढं शिकवलं ते सगळं गेलं कुठे?

घरात अक्का खाटेवर बसली होती, पार वाळलेली. आबा तिच्या कानाशी वाकून पेपर वाचून दाखवत होते, नव्हे, पुकारत होते. प्रत्येक बातमी तीनदा. मला बघून ते उठले, दोन्ही हात धरले आणि अक्काकडे डोळ्यांनी खूण करून कानावर बोट ठेवलं. तिचे कान गेले होते. शिकवलेलं सगळं त्यांनी तिच्यासाठी घेतलं होतं आणि तिच्यासाठीच परत ठेवून दिलं होतं.

"कोन उनं, वळखं का?" आबा तिच्या कानात ओरडले. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "गानान्या बाई!"

अक्कानं मला जवळ बसवून घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत आबांकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, "तुमना क्लासना गुन शे, बाई. आते कितला हळू बोलतस ह्या! कधी कधी ते माले ऐकाले बी येत नही."