चोरखिसा

तोंडात सदानकदा टाचण्या धरायची सवय, म्हणून शिंपीणबाईंना सगळे टाचणीबाईच म्हणत. त्यांनी तोंड उघडलं की एखादी टोचायचीच, असं सूनबाई म्हणे, आणि ती काही टाचण्यांबद्दल बोलत नसे.

बाईंचं एक ठाम मत होतं. "बायकांच्या कपड्याचा गळा समाज ठरवतो, लांबी सासू ठरवते. खिसा मात्र कोणाला सुचत नाही." जुन्या राण्यांच्या झग्यांना म्हणे ठाणभर कापड लागे, पण किल्ली ठेवायला दोन बोटं जागा नसे. पुरुषाच्या कोटाला सात खिसे, त्यातल्या चारांत नुसती हवा. म्हणून बाई प्रत्येक गिऱ्हाइकिणीला, न विचारता, शिवणीच्या आत एक चोरखिसा लावून देत.

दिव्यांच्या कारखान्यातल्या दोनशे बायकांचे डगले दरवर्षी बाईच शिवत. दुकान चालायचं ते त्यावरच. यंदाचे डगले शिवून तयार होते, तेवढ्यात मॅनेजरसाहेब एक जुना डगला घेऊन स्वतःच दुकानात आले. कारखान्यात पगारवाढीची पत्रकं फिरत होती, आणि ती कशातून फिरतात ते साहेबांना कळलं होतं.

"चोरखिसा. नावातच चोर आहे, बाई. नवे सगळे उसवा, नाहीतर पुढच्या वर्षीचं काम विसरा."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "लेखी द्या, साहेब."

साहेबांनी वरच्या खिशातून पेन काढलं, आतल्या खिशातून कागद, बाजूच्या खिशातून चष्मा, आणि लिहिलं, 'बायकांच्या डगल्याला चोरखिसा नसावा.' खाली झोकात सही ठोकली.

"आई, आता गप्प बसा हं," सूनबाई काकुळतीला आली. "हे काम गेलं तर खायचं काय?"

आई कसल्या गप्प बसतात. आठ दिवस खपून सासूसुनेनं दोनशे चोरखिसे उसवले आणि तेवढेच खिसे बाहेरून, ऐन पोटावर, चांगले वीतभर रुंद लावले. चोर नाही, उघड. अगदी हुकमाबरहुकूम. सोमवारी दोनशे बायका खिशात हात घालून फाटकातून आत शिरल्या आणि साहेबांचा पारा चढला. पत्रकांचं राहू द्या, बायका साहेबांसारख्या ऐटीत चालतात हेच त्यांना जास्त झोंबलं.

काम गेलं ते गेलंच. सूनबाईनं दोन दिवस भांडी आदळली. बाईंनाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. बंद मशीन पुसून त्यांनी त्यावर चादर टाकली.

महिन्याभरानं मॅनेजरसाहेबांच्या मिसेस दुकानात आल्या. आल्या त्या मागे दार लोटून घेतच, आणि पिशवीतून एक रेशमी झगा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"याला एक चोरखिसा लावून द्या. दिसता कामा नये."

"कोणाला?"

"यांना."

"बरं. ठेवायचं काय आहे त्यात? म्हणजे मापाचा अंदाज येईल."

"ते अजून ठरवलं नाही," मिसेस हळूच म्हणाल्या. "आधी जागा तर होऊ दे."

सूनबाईनं सासूच्या आधी टेप उचलली.