कोपराला टाच

विणकामाच्या कारखान्यात मावशींनी चाळीस वर्षं नमुने विणले. कागदावर जे असेल ते आधी टाक्याला टाका विणायचं, चूक दिसली तर पुरं झाल्यावर बोलायचं, ही तिथली शिस्त. ती मावशींच्या अंगात इतकी मुरली होती, की पुढचा उद्योग त्यांनीच करावा, दुसऱ्या कुणाचं ते काम नव्हे.

त्यांचे यजमान पोस्टमन होते. सायकलवरून पडल्यापासून त्यांचा उजवा हात कोपरात काटकोनात अडकला तो अडकलाच. स्वेटरची बाही कोपरापाशी येऊन रुसून बसायची. मावशींनी सैल बाह्या विणून पाहिल्या, तर म्हणाले, "पोतं घालून मी लोकांत जाणार नाही." तीन हिवाळे ते घराबाहेर पडले नाहीत. सारा जन्म दारोदार हिंडलेला माणूस खुर्चीला खिळला.

भाचीने मोबाइलवरच्या एआयला विचारलं, वाकलेल्या हाताची बाही कशी विणायची? तो बिनदिक्कत म्हणाला, जुने मासेमार कोळी अशी बाही विणत असत, आणि टाक्यांसकट कृतीच दिली. भाचीने सगळीकडे शोधलं. असे कोळी नव्हते, अशी बाहीही कुणी विणली नव्हती.

"मावशी, थापा मारतोय हा! बाहीत मध्येच मोज्याची टाच घुसडलीय."

"असू दे. आधी विणते, मग भांडते."

पुढे आकडेही जुळेनात, सहा टाके जास्तच उरले. ते मात्र मावशींनी आपल्या अकलेने जिरवले. चौथ्या दिवशी बाही सुयांवरून उतरली आणि मांडीवर आपणहून वाकून बसली.

मावशी बघतच राहिल्या. आजवर हजारो टाचा विणल्या होत्या त्यांनी. टाच म्हणजे तरी काय, विणीला दिलेलं वळण. ते कोपराला द्यावं हे त्यांना कधी सुचलं नाही, कारखान्यातल्या एकाही दीडशहाण्याला सुचलं नाही. आणि हात कुठला, पाय कुठला याची गंधवार्ता नसलेल्याने गल्लत करून ते समोर ठेवलं!

भाचीने जाब विचारताच एआयने कबुली दिली: माफ करा, अशी परंपरा नाही, माझी चूक झाली.

"माफी कसली मागतोस, बाबा," मावशी मोबाइललाच म्हणाल्या, "ही चूक आमच्या हातून इतकी वर्षं झाली नाही, त्याचं काय?"

बाही त्यांनी स्वेटरला जोडली. यजमानांनी हात घातला. कोपर टाचेत अलगद बसलं. कुठे ओढ नाही, चुणी नाही. डाव्या हाताने त्यांनी एकेक बटण लावलं, आरशात आधी समोरून आणि मग बाजूने पाहिलं.

"माझे बूट कुठेत गं?"

मावशींना आठवेना. तीन हिवाळ्यांत ते कुणी विचारलंच नव्हते. मग दोघंही वाकून पलंगाखाली शोधू लागले.