रिकाम्या मेथडीचे मार्क

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात, आणि आमच्याकडे प्रश्नपत्रिकेच्या आधी त्यांच्या जेवणाची तयारी सुरू होते. मुरुमहून मटण आणायचं, कुणाच्या तरी घरून कडक भाकरी, वर बडीशेप. मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, पण त्या दिवशी मीही वाढप्यांच्या रांगेत असते. या सगळ्याचा मला मनापासून तिटकारा आहे.

यंदा सगळ्यांना एकच प्रश्न होता: जेनेरिक इंटरफेस इम्प्लिमेंट करा आणि यादी चढत्या क्रमानं लावून दाखवा. इंटरफेस म्हणजे नुसती कामाची बोली. दोन वस्तूंतली लहान कुठली, मोठी कुठली, हे सांगणारी मेथड, म्हणजे तेवढं काम करणारा कोडचा तुकडा हवा, एवढंच तो म्हणतो. वस्तू कसली, हे आपण ठरवायचं आणि मेथडीच्या पोटातलं खरं काम आपणच लिहायचं. मेथड नसली की एडिटर लाल रेघ मारतो. पण त्या रेघेवर क्लिक केलं की तोच एक रिकामी मेथड टाकून देतो, उत्तर शून्य. शून्य म्हणजे दोन्ही वस्तू सारख्या. रेघ जाते, काम काहीच झालेलं नसतं.

आमच्या पोरांनी यावर शोध लावलाय. यादी आधीच चढत्या क्रमानं टाकायची. मेथड सगळ्यांना सारखंच म्हणते, म्हणून यादी जागची हलत नाही आणि पडद्यावर कशी नीट लावलेली दिसते. ही फाईल दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. वर्षभर घसा फोडून शिकवायचं आणि शेवटी हे बघायचं.

एका पोरीनं मात्र ती फाईल घेतली नव्हती. सास्तूरहून यायची. पुण्याच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती, अट एकच, कुठलाही विषय राहता कामा नये. वस्तू म्हणून तिनं तुरीचे कट्टे, म्हणजे पोती घेतली, वजनं दशांशात, तीही मुद्दाम उलटसुलट टाकलेली. मेथडीत तिनं एका वजनातून दुसरं वजा केलं. चुकली ती इथंच. मेथडीनं पूर्णांक परत द्यायचा असतो आणि तिची वजाबाकी दशांशात येत होती. लाल रेघ काही जाईना. दुरुस्ती एका ओळीची होती, मला दिसत होती, पण परीक्षेत सांगता येत नाही.

तेवढ्यात परीक्षक जेवून आले. एका हातानं काडीनं दात कोरत, दुसऱ्या हाताच्या रश्श्यानं पिवळ्या झालेल्या बोटांनी बटणं दाबत ते मशीनमागून मशीन फिरले. आउटपुट दिसलं की पास. तिच्या पडद्यावरची लाल रेघ बघून, हिचं चालत नाही, एवढं म्हणाले आणि पुढं सरकले. मी म्हटलं, मेथड वाचून तरी बघा, विचार बरोबर आहे. तर म्हणाले, न चालणाऱ्या प्रोग्रामला कसले मार्क?

माझं डोकंच फिरलं. शेजारच्या पोराच्या यादीतला पहिला आकडा मी सगळ्यांत मोठा केला आणि प्रोग्राम चालवून त्यांना दाखवला. चढत्या क्रमात तो तळाला जायला हवा होता, पण मोठा आकडा तसाच सगळ्यांच्या वर बसलेला.

"मॅडम, चांगलं चाललेलं तुम्हीच बिघडवलं की," ते म्हणाले, आणि त्या पोराला पैकीच्या पैकी देऊन मोकळे झाले.

प्राचार्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं, पाहुण्यांशी हुज्जत घालू नका, पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवायचंय. त्यांच्या तोंडालाही मटणाचा वास येत होता. मी तिथून निघून जिन्यावर आले.

ती पोरगी तिथंच आली. रडत नव्हती. नापास झाल्याचं तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

"मॅडम, म्या ती मेथड रिकामीच ठिवली असती, तर पास झाले असते का?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "झाली असतीस," मी म्हटलं.

"मग आमाला तेच शिकवायचं नं," ती म्हणाली.