सोयगावचे पाव्हणे आणि अडलेला काटा

सोयगावचे पाव्हणे वजनकाट्यावर चढण्याआधी त्याला नमस्कार करत. खाली वाकून दोन बोटं काट्याला लावायची, ती कपाळाला टेकवायची आणि मगच पाय ठेवायचा. त्याआधी खिशातली किल्ली, मोबाईल, चष्मा, कमरेचा पट्टा असं सगळं माझ्या हातात आलेलं असे. “त्याच्या छातीवर पाय द्यायचा आन् वरून म्हणायचं, कमी दाखव. कोण ऐकंल?” असं त्यांचं म्हणणं. मी मात्र काट्यावर चपलांसकट चढायचो. आकडा काहीही आला तरी दोष चपलांवर ढकलता येतो.

पाव्हणे म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोची धाकटी बहीण शोभा, तिचे यजमान. आमच्या सासुरवाडीला जावयांना नावानं हाक मारायची पद्धत नाही, त्यामुळे मी ‘उस्मानपुऱ्याचे’ आणि ते ‘सोयगावचे’. दोघंही भरल्या अंगाचे. सासूबाईंना त्याचा कोण अभिमान! आम्ही अंगणात शेजारी शेजारी बसलो की त्या दारातून डोळे भरून बघत आणि मग आत जाऊन मीठमोहऱ्या घेऊन येत. त्यांनी इतक्या वेळा दृष्ट काढली, पण आमच्या पोटांवर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही.

शोभाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा पाव्हण्यांनी शेत भावावर सोपवलं आणि पडेगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. डायलिसिससाठी सोयगावहून सारखं येणं-जाणं तिला झेपलं नसतं. किडनी कुणी द्यायची हा प्रश्न घरात कुणी तोंडातून काढायच्या आत पाव्हणे डॉक्टरांना “माझी घ्या” म्हणून सांगूनही आले होते. रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्या जुळल्या. अडलं ते पोटाशी. या वजनावर ऑपरेशन तुमच्याच जिवाला धोक्याचं आहे, पंच्याहत्तर किलोच्या आत या मग बोलू, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि फार वेळ लावू नका, बाईंची ताकद कमी होत चाललीय, हेही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पाव्हणे मला म्हणाले, “दादा, उभ्या जन्मात मी कशात नापास झालो नव्हतो. शाळा लवकर सोडली म्हणून असंल. आता पोट नापास झालं.”

मी तेव्हा नुकताच नोकरीतून निवृत्त झालो होतो. वजन कमी करा म्हणून डॉक्टरांनी मलाही बजावलं होतं, पण त्याचा घरात मी फारसा बोभाटा होऊ दिला नव्हता. बायकोनं मला न विचारता जाहीर करून टाकलं, “हे येतील तुमच्यासंगं, पाव्हणे. एकाला दोघं बरं.” झालं. मी बूट घेतले, ट्रॅकपँट घेतली, मोबाईलवर आहाराचे व्हिडिओ पाहिले आणि चार दिवसांत त्या विषयातला जाणकार झालो. उथळ पाण्याला खळखळाट फार. पाव्हणे बिचारे माझं सगळं मन लावून ऐकत आणि मध्ये मध्ये “व्हय का?” म्हणत. त्या ‘व्हय का’नं मला आणखीच चेव येई.

रोज सकाळी पडेगावहून दौलताबादच्या रस्त्यानं आम्ही चालायला निघत असू. पाव्हण्यांची चाल बांधावरची, एकदा पाय उचलला की कामाच्या ठिकाणीच टेकायचा. माझी चाल अशी की पुलाचा कठडा दिसला की तो मला हाक मारतोय असं वाटायचं. पाव्हणे कधी वैतागले नाहीत. “तुम्ही बसा, मी त्या पुढच्या वडापस्तोर जाऊन येतो,” असं म्हणून जात आणि घामानं निथळत परत आल्यावर म्हणत, “चला, तुमच्या वाटचं बी चालून आलो.” घरी गेल्यावर बायको विचारायची, किती चाललात? मी वडापर्यंतचं सगळं अंतर सांगायचो. पाव्हणे माझ्या वाटचं चालले होते म्हटल्यावर ते माझंच झालं की!

पाव्हणे खोटं बोलत नसत. “खोटं बोललं की ते ध्यानात ठेवावं लागतं दादा, लई ताप,” असं म्हणत. त्यामुळे मी रोज चालताना जी उलटतपासणी घ्यायचो तिला ते सरळ उत्तरं देत. काल काय खाल्लं? “दुपारी अर्धी भाकर आन् मेथी. सांजच्याला नुसतं वरणाचं पाणी.” साखर? “चहाच सोडला, तिथं साखरीचं काय घिऊन बसलात?” आणि खरंच पहिल्या काही आठवड्यांत त्यांचं वजन भराभरा उतरलं. नव्वदीच्या वरचा काटा ब्याऐंशीवर आला. आणि तिथं येऊन बसला.

बसला म्हणजे बसलाच. आठवडा गेला, दुसरा गेला, महिना गेला. पाव्हणे नमस्कार करत, चढत, उतरत. ब्याऐंशी. त्यांनी चालणं वाढवलं, वरणाचं पाणीही सोडलं. ब्याऐंशी. मी त्यांना समजावलं, की शरीराला कमी खाण्याची सवय लागते आणि मग ते वजन सोडायला तयार होत नाही, असं व्हिडिओत सांगितलंय. पाव्हणे गंभीरपणे म्हणाले, “आमच्याकडं बैल असा बसला की शेपूट पिळत्यात. हितं काय पिळू, सांगा.” व्हिडिओत याचं उत्तर नव्हतं.

मग त्यांना काट्याचाच संशय आला. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं धान्याचं दुकान आहे, तिथं पोती मोजायचा मोठा काटा असतो. पाव्हण्यांनी त्या काट्यालाही नमस्कार केला आणि गव्हाच्या पोत्याशेजारी उभे राहिले. ब्याऐंशी. “चाचा, काट्यात काय खोट?” चाचा हसून म्हणाले, “कांटा तो बराबरच है पाव्हणे, तुम अपना देखो ना.” त्यांनी मलाही चढायचा आग्रह केला. मला अचानक एक काम आठवलं.

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस संपत आले होते. डायलिसिसहून आली की शोभा भिंतीकडे तोंड करून पडून राही. एकेकाळी सगळ्या घराला हसवणारी ती बाई दोन वाक्यं बोलून दमायची. डॉक्टरांनी पाव्हण्यांना पुन्हा बोलावून विचारलं, दुसरं कुणी देणारं आहे का? दुसरं कुणी नव्हतं. सासूबाईंचं वय झालेलं, माझ्या बायकोला मधुमेह, आणि माझा रक्तगटच वेगळा. त्या सकाळी चालताना पाव्हणे पहिल्यांदाच माझ्याबरोबर कठड्यावर बसले. “माझ्या अंगात तिच्यासाठी किडनी हाय,” ते म्हणाले, “आन् हे सात किलो मध्ये उभं राह्यलंय. वाटंतून हाटंना.”  त्या दिवशी कठड्यावरून आधी मीच उठलो आणि चालायला लागलो.

त्याच आठवड्यात रविवारी मी आणि बायको दुपारी पडेगावला जेवायला गेलो. पाव्हण्यांनी आमच्यासमोर अर्धी भाकर आणि मेथी खाल्ली, हात धुतला, आणि शोभाच्या खाटेशी जाऊन बसले. शोभासमोर ताट होतं. तिच्या अंगात ताकद राहावी म्हणून तिला तूप-साखर-पोळी द्यायला सांगितलं होतं. तिला खाण्याची वासनाच उरलेली नव्हती. मग पाव्हण्यांनी एक घास मोडून तिला दिला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. “हं, एक तू, एक मी.” ती एक खाई, ते एक खात. तिसऱ्या घासाला ती मान फिरवी, मग पाव्हणे दोन खाऊन दाखवत. शेवटी ती नको म्हणाली तेव्हा अर्ध्याहून जास्त पोळी ताटात होती, ती पाव्हण्यांनी तुपासकट पुसून खाल्ली.

माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. “पाव्हणे, हे काय?”

“काय?” पाव्हणे गोंधळले. “हे तिचं हाय ताई. माझं जेवण मघाशीच झालं की.”

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. त्यांच्या ताटातलं ते त्यांचं आणि शोभाच्या ताटातलं ते शोभाचं, मग ते कुणाच्याही पोटात जावो. मी रोज ‘तुम्ही काय जेवलात’ असं विचारत होतो आणि ते इमानदारीनं तेवढंच सांगत होते. “आजाऱ्याचं ताट भरल्यालं उचलू नाय, असं माझी आई म्हणायची,” ते म्हणाले. मला हसू आवरेना. तेव्हा बायको माझ्याकडे वळली. “आन् तुम्ही ओट्यापाशी उभं राहून जे खाता ते कुणाच्या खाती? देवळातला प्रसाद कुणाच्या खाती?” माझं हसू आपोआप आवरलं.

उपाय सोपा वाटला. पाव्हण्यांनी शोभाच्या ताटाला हात लावायचा नाही. त्यांनी लावला नाही, पण शोभानं जेवणच टाकलं. पाणी पिऊन झोपायची. पाव्हणे रडकुंडीला आले. “मी उतरंन दादा, पण तवर ती राहायची नाय.”

शेवटी माझ्या बायकोनं बहिणीला एकटीला गाठून खडसावलं, तेव्हा कुठं खरं काय ते बाहेर आलं. “ते माझ्यापायी उपाशी राहत्यात, ताई,” शोभा म्हणाली. “माझ्या ताटात ठिवलं तरच त्यांच्या पोटात चार घास जात्यात. म्हणून म्या ठिवत व्हते. आता ते बी खाईनात, मग मलाच कसं गिळंल?” म्हणजे तिला जेववायला ते खात होते, आणि त्यांना जेववायला ती उरवत होती. दोघं एकमेकांची काळजी घेत होते आणि काटा ब्याऐंशीवर बसून होता. बायको हे मला सांगताना रडत होती. मीही रडलो, आणि रडताना बरणीतला लाडू खाल्ला. कुणाच्या खाती ते विचारू नका.

मग बायकोनं दुसऱ्यांदा मला न विचारता निर्णय घेतला. शोभाच्या ताटाशी आता मी बसायचं. मेव्हणीची थट्टा करायचा दाजीला हक्कच असतो. त्यातून माझ्याकडे एक मोठा गुण होता. माझ्यासाठी घास उरवून ठेवावा, असं माझ्याकडे बघून जगात कुणालाच वाटलं नसतं. पहिल्याच दिवशी मी तिच्या ताटातला भलामोठा घास उचलला. शोभा बघत राहिली. दुसरा उचलला. तिसऱ्याला तिनं माझ्या हातावर चापट मारली. “दाजी, माझं ताट हाय ते! तुमचं तुम्ही घ्या की!” आणि रागारागानं तिनं दोन घास खाल्ले. पाव्हणे ओसरीवर आमच्याकडे पाठ करून बसलेले होते. त्यांची पाठ हसल्यासारखी हलली. नंतर ते हसत नव्हते हे मला कळलं.

मी दोन्ही वेळा स्कूटरवर पडेगावला जात राहिलो. शोभा माझ्याशी भांडून भांडून जेवू लागली. भांडणात मी हरत नसे, त्यामुळे पोळीही बऱ्यापैकी खात असे. पाव्हण्यांचा काटा एक दिवस हलला, मग हलतच राहिला. माझाही हलला, फक्त वरच्या दिशेनं. आम्हा दोन साडवांचं मिळून वजन तेवढंच राहिलं, ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आलं इतकंच. पाव्हणे पंच्याहत्तरच्या आत आले त्या दिवशी ट्रॅकपँटची नाडी बांधताना माझी पुरेवाट झाली. पाव्हण्यांनी मला मिठी मारली. त्यांचे हात आता माझ्याभोवती पुरत नव्हते. “तुमच्या अंगावर माझे सात किलो हायेत दादा,” ते म्हणाले, “जपून ठेवा.” मी ते आजतागायत जपले आहेत.

ऑपरेशनला नेताना दोघांचे स्ट्रेचर शेजारी शेजारी होते. पाव्हण्यांनी हात लांब करून शोभाच्या पांघरुणाला चिमटीत धरलं आणि दार येईपर्यंत सोडलं नाही.  मी तेवढ्यात देवाला बरंच काही कबूल केलं, त्यात लाडूही होते.

किडनीनं चांगलं काम केलं. पुढचे काही महिने तपासण्यांसाठी ते दोघं पडेगावातच राहिले आणि मग सोयगावला परतले. टेम्पोत सामान भरताना पाव्हणे जुन्या पँटची कंबर एका हातानं धरून उभे होते. टेम्पो वळणाआड गेला. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं पहाटे उठलो, बूट घातले आणि मग कुठं जायचं ते आठवेना. पाव्हण्यांशिवाय चालणं म्हणजे माझ्या वाटचं मलाच चालायचं. ते मी अजून फार करत नाही. स्कूटरवरून पडेगावच्या रस्त्यानं गेलो की त्या कठड्यापाशी थोडा थांबतो.

यंदा उन्हाळ्यात आम्ही सोयगावला गेलो. शोभाच्या गालांवर रंग आला होता, आवाज पूर्वीसारखा चढा झाला होता. आम्ही चौघं एकत्र जेवायला बसलो. शोभा बोलत होती, हसत होती, माझ्या पोटावरून मला चिडवत होती आणि जेवत होती. भाकरी, वांग्याची भाजी, भात. बघता बघता तिचं ताट चाटूनपुसून लख्ख झालं. पाव्हण्यांचा हात अर्ध्या भाकरीवरच थांबला होता. ते उठले आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. निंबाच्या झाडाखाली ते उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं.

“बघा दादा,” तक्रार करावी तसं ते म्हणाले, “मला एक घास बी नाय ठिवला तिनं.”

आतून शोभाची हाक आली, “अहो, कुठं गेलात? येताना चुलीवरची आणखी एक भाकर आणा की.”