कोपऱ्यातली काचेची पट्टी

मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिच्या सोबतीला बायकोही गेली, आणि हिंगोलीच्या घरात मी आणि चार फुटी फिशटँक उरलो. शाळेतून आलो की त्याच्यासमोर बसायचो. पाण्यावर तेलकट साय धरायला लागली, म्हणून ओव्हरफ्लो बॉक्स करायचं ठरवलं. कोपऱ्यात काचेच्या दोन पट्ट्या उभ्या चिकटवायच्या. वरचं पाणी काठावरून आत पडतं, तळाच्या पाइपातून खालच्या टाकीत उतरतं आणि गाळून पंपानं परत वर येतं. खिडक्यांच्या काचा कापणाऱ्यानं पट्ट्या कापल्या, टँकच्या तळाला भोकही पाडून दिलं.

रविवारी दुपारी मासे टबात सोडले, काच स्पिरिटनं पुसली, सिलिकॉन भरलं. पहिली पट्टी नीट बसली. दुसरी कलायला लागली. चिकटपट्टी लावली तर तीही सुटली. मग दोन्ही हातांनी काच धरून तसाच बसलो. कुणीतरी हवं होतं. अठरा वर्षं या गावात काढली, पण हाक मारावी असं एक नाव आठवेना.

फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. उचलणार कसा? थोड्या वेळानं दारात आवाज आला.

"गुरुजी, हाव का घरात? तुमच्या मंडळींनी आमच्या सुनंला फोन केला. तुमी उचलून न्हाई राहिले म्हणून घाबरल्या त्या."

शेजारच्या मावशी होत्या. दोन वर्षांपूर्वी बंजारा तांड्यावरून मुलाकडं राहायला आलेल्या. आमची ओळख नमस्कारापुरती.

"दार उघडंच आहे, मावशी. हात गुंतलेत."

त्या आत आल्या, सिलिकॉनच्या आंबट वासानं नाकाला पदर लावला. "हे काहून धरून बसले?"

मी सांगितलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या हातातली काच धरली. "जा, आधी बोला त्यांच्याशी."

बोलून आलो, तरी त्यांनी काच सोडली नाही. तांड्यावरच्या गोष्टी सांगत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "तिकडं आवाज दिला की चार बाया यायच्या. इथं आवाज द्यायचा कोणाला?"

दोन दिवसांनी पाणी भरलं, तर दुसऱ्या पट्टीच्या बुडातून ते पेटीत झिरपत होतं. सगळं ब्लेडनं खरवडून काढलं. या वेळी मीच शेजारी गेलो. मावशी लगेच उठल्या. या खेपेला सांधा टिकला. नंतर त्या कधीकधी संध्याकाळी येऊन पाणी पडताना बघत बसायच्या.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाची बदली झाली. सामान टेम्पोत चढत असताना त्या आत आल्या, पट्टीवरून बोट फिरवून म्हणाल्या, "बराबर बसली बघा."

मी "व्हय" म्हणालो. अजून काहीतरी बोलायला हवं होतं. सुचेपर्यंत बाहेरून सुनेनं त्यांना हाक मारली.