सारवणाचा शनिवार

पूर्वीची शाळा कशी होती हे बघायला सहावीची सहल न्यायचं ठरलं, तेव्हा गाव मीच सुचवलं. पाचोडच्या अलीकडचं, माझंच. चौथीपर्यंत मी तिथं शिकले. जुना वर्ग अजून मातीच्या जमिनीचा आहे आणि आमचे गुरुजी हयात आहेत, एवढं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं.

बाकीचं असं. शनिवारी सकाळी आम्ही मुली वर्ग शेणानं सारवायचो आणि त्याच वेळी गुरुजी ओसरीवर मुलांकडून स्कॉलरशिपची गणितं करून घ्यायचे. एकदा एका मुलाला अडलेलं उत्तर मी आतूनच सांगितलं. बरोबर होतं. गुरुजी दारात आले नि म्हणाले, "शेणात हात हाय ना तुझा? मग आकड्यात तोंड घालू नको." मुलं हसली. परीक्षेचा फॉर्म मला मिळाला नाही. पुढं मी गणिताचीच शिक्षिका झाले, पण त्यामुळं हिशेब फिटला असं मला कधी वाटलं नाही.

सहलीच्या दिवशी गुरुजी जुन्या वर्गात भेटले. ऐंशीकडं झुकलेले, पण ताठ. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. पाटी, छडी, शिस्त असं सगळं त्यांनी मुलांना रंगवून सांगितलं. मग म्हणाले, "शनिवारी आम्ही सगळे मिळून सारवायचो. मुलगा-मुलगी असा भेद नव्हता."

सारवण मुलांना दाखवायचंच होतं. बादली तयार होती. मी ती गुरुजींपुढं ठेवली.

"मग गुरुजी, तुम्हीच दाखवा एक हात मारून."

चाळीस पोरं बघत होती. नाही म्हणता येईना. ते उकिडवे बसले, पाणी न घालताच शेणाचा गोळा उचलला आणि जमिनीवर थापला. तो पसरेचना. मुलं खुसखुसू लागली.

"हे पोरी करायच्या," ते पुटपुटले.

"आणि मुलं?"

"मुलं गणितं करायची."

पुढं बसलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मग मुलींना गणितं कधी शिकवायचात?"

आता त्यांनी मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. "तू कुणाची गं?"

"आधी तिला उत्तर द्या, गुरुजी."

ते उठले आणि हात धुवायला अंगणातल्या हातपंपाकडं गेले. तीच मुलगी पंप हापसायला धावली. मी तिला परत बोलावलं आणि सगळ्यांना बसमध्ये बसायला सांगितलं.