दमणी माझ्या दारात

"दमणी बाटंल."

पाटलीणबाई एवढंच बोलली. मी त्यांच्या मागच्या दारात पोट धरून, पुढं वाकून बसले होते. सातवा महिना. कळ बरगड्यांखालून निघून थेट पाठीत घुसत होती. हिरवं पाणी ओकून घसा सोलला होता. समोर अंगणात दमणी, त्यांची छपराची बैलगाडी, उभी. बैलही दावणीला.

"हिंगोलीच्या दवाखान्यापुरती द्या, बाई," माझ्या नवऱ्यानं हात जोडले.

"आमी तिच्यातून नागनाथाच्या दर्शनाला जातो. अन् कळाच त्या. सुईण असून नखरे काहून करून राहिली?"

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी मांगवाड्यातली सुईण. पाटलीणबाईची तीन लेकरं माझ्याच हातावर आली. आणि बाळंतकळा कोणत्या, हे ती मला सांगत होती. बाळंतकळ येते, जाते. ही जातच नव्हती.

तिसऱ्या खेपेला पोर आडवं आलं, तेव्हा हीच माझ्या गळ्यात पडून रडली होती. "माय, तुझ्या वेळेला माझी दमणी तुझ्या दारात उभी करीन." मला ते खरं वाटलं. बाळंतिणीच्या खोलीत विटाळ असतो, तेवढे दहा दिवस मी त्यांना चालते. मग मी बसलेल्या जागी गोमूत्र शिंपडतात. दर वेळी बघूनही मी विश्वास ठेवला. त्याचीच जास्त चीड येते.

जवळा बाजारला कापूस नेणाऱ्या पिंजारी चाचानं आपला छकडा रिकामा केला, मला त्यात घालून हिंगोलीला नेलं. तोवर दुसरा दिवस उजाडला होता. डॉक्टरनं पोट दाबलं. स्वादुपिंडाला तो लबलबा म्हणाला. "जठर के पीछे लबलबा होता है, वो सूज गया. कल क्यों नहीं लाए?"

काल दमणी अंगणात उभी होती.

आठ दिवस तोंडात घास नाही. मी वाचले. पोरगी पोटातच गेली. तिला नखंसुद्धा आली होती.

वर्ष उलटलं. भरदुपारी पाटलांचा गडी धावत आला. "बाईला कळा लागल्यात. चल लवकर."

"दमणी आण. तिच्यात बसून येईन, पुढच्या दारानं आत जाईन. मागून गोमूत्र शिंपडायचं न्हाई."

"येडी झाली का तू?"

"जा, सांग."

मी नाळ कापायचा विळा धुतला, पदरात गुंडाळला, उंबऱ्यावर बसले. चौथ्या खेपेला हातात किती थोडा वेळ असतो, ते मला ठाऊक होतं. दमणी आल्याशिवाय मी उठणार नव्हते.